केळवणं आणि कळ

५ जानेवारी १९९७, रविवार

नको होती ती शेवटची पुरी. श्रीखंडही नको होतं. पण जयमालावन्संनी ठाण्याला अस्मिताचं पहिलं केळवण केलं. नवऱ्यामुलीची आई पानावर बसून ‘नको नको’ कसं म्हणणार? ह्यांची एकुलती एक बहीण. आग्रह असा, की पानावर हात आडवा धरला तर हातावरच वाढलं. “वहिनी, लेकीचं केळवण काय रोज रोज येतं?”

तासाभरात सुरू झालं. उजव्या बरगडीखाली कुणी आतून मुठीत धरून पिळतंय असं. कळ मागे जाते, पार खांद्याच्या फऱ्यापर्यंत. वन्संच्या मोरीत नळ सोडून उभी राहिले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेर त्या अस्मिताची ओटी भरत होत्या. मी आले ती हसतच आले.

“पित्त झालंय,” वन्सं म्हणाल्या. ओवा नि काळं मीठ दिलं. वाशीला येईपर्यंत घामानं ब्लाऊज ओला. हे म्हणाले, “तू लग्नाचं फार टेन्शन घेतेस.” घेते! घरात कुणी तरी घ्यायला नको?

लग्न सोळा फेब्रुवारीला. तोवर आणखी किती पानांवर बसायचंय देव जाणे.

७ जानेवारी

पोटाला विश्रांती म्हणून उपास केला. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, साजूक तुपातली, दाण्याचं भरपूर कूट घालून. पुन्हा तीच कळ! उपासानं पुण्य लागतं म्हणतात, मला फक्त खिचडी लागली.

१२ जानेवारी, रविवार

तिसऱ्या मजल्यावरच्यांकडे केळवण. बटाटेवडे, बासुंदी, मसालेभातावर तुपाची धार. मी दोन वडे हळूच ह्यांच्या पानात सरकवले. हे बिनबोभाट खातात, नवरा म्हणून तेवढा गुण मात्र खरा. पण बासुंदी कशी सरकवणार? प्यायले.

घरी येऊन पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडले. अस्मिता गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. तिनं वडे सरकवताना पाहिलं होतं वाटतं.

“आई, किती दिवस अंगावर काढणार आहेस? डॉक्टरकडे चल. ऑपरेशन-बिपरेशन सांगितलं तर लग्न पुढे ढकलू ना. मला काही घाई नाही.”

पोरीची माया! डोळे भरून आले माझे. म्हटलं, “वेडी का खुळी तू? पित्तासाठी कुणी लग्न पुढे ढकलतं?”

ढकललेल्या लग्नाचं काय होतं ते मी पाहिलंय. माझ्या माईचं, थोरल्या बहिणीचं लग्न बाबांच्या दुखण्यानं पुढे गेलं. आधी दोन महिने, मग दिवाळीनंतर. मग तिकडच्यांनी दुसरीकडे जमवलं. माई आज पन्नाशीची आहे, भावाच्या घरी भाजी निवडते. माझ्या पोटासाठी अस्मिताचं असं होऊ देणार नाही. मुलगा चांगला मिळालाय, चिंचवडला कंपनीत आहे, घर स्वतःचं. प्रसाद बोलतोही किती अदबीनं.

१४ जानेवारी

संक्रांत. गूळपोळीवर तूप घेतलं नाही, तरी दुखलं. आता दोष कुणाला देऊ?

१८ जानेवारी, शनिवार

आज सफियाभाभींनी धरून नेलं. आमच्या शेजारच्या ब्लॉकमधल्या. मूळच्या रायगडातल्या, मुरूडकडच्या. नवरा हसनभाई इथे वाशीच्या मार्केटात फळांच्या गाळ्यावर. भाजीची पिशवी घेऊन जिन्यात बसलेली मी त्यांना सापडले. पाय उचलेना.

“ताई, हे पित्त नाय. माझ्या नणंदेला असंच व्हायचं. उठा, चला.”

रमजान चाललाय. घशाखाली पाण्याचा थेंब नाही, तरी बाई सोनोग्राफी होईपर्यंत माझी पर्स सांभाळत बसून राहिली.

पित्ताशयात खडे आहेत. एक नाही, बरेच. डॉक्टर म्हणाले, “पिशवी काढून टाकू. आता दुर्बिणीनं होतं, बारीक भोकं पाडून. चार दिवसांत घरी.”

मी लग्नाचं सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “थांबायचंच असेल तर तेल, तूप, तळण एकदम बंद. आणि नीट ऐका. ताप आला, थंडी वाजली, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा कळ थांबेनाशी झाली, तर त्याच दिवशी यायचं. घरात लग्न असो की काही असो.”

हात दाखवून अवलक्षण! गेले नसते तर कळलं नसतं.

परत येताना भाभी म्हणाल्या, “भाईसाबना सांगा आज.”

“लग्न होऊ दे. मग सांगते. आणि तुम्ही कुणाला बोलायचं नाही, शप्पत आहे.”

“रोज्यात शप्पत घालता? कमाल करता तुमी! पोरगी काय तुमच्याशिवाय उभी राहणार हाय बोहल्यावर?” रागावल्या. पण कुणाला बोलणार नाहीत. आता वाटतं, शपथ घालायला नको होती.

संध्याकाळी अस्मिता बेलापूरहून आली. तिथे एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते. चप्पल काढायच्या आधी विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?”

“पित्त वाढलंय. गोळ्या दिल्यात.”

“एवढंच?”

“मग आणखी काय हवंय तुला?”

तिचा चेहरा उतरल्यासारखा वाटला. दमली असेल. लग्न ठरल्यापासून वाळलीच आहे पोरगी.

२६ जानेवारी, रविवार

तेल-तूप बंद! केळवणाच्या पानावर बसून डॉक्टरांनी एकदा हे करून दाखवावं.

हे कळंबोलीला लोखंड बाजारात एका पेढीवर हिशेब बघतात. तिथले थोरले मुनीम, गंगारामभाऊ, त्यांच्याकडे आज बोलावणं. मी म्हटलं, तुम्ही दोघं जा, माझं डोकं दुखतंय. ह्यांचा पारा चढला. “नवरीच्या आईशिवाय केळवण? त्यांच्या बायकोनं पहाटेपासून पुरण घातलंय. उद्या त्यांना तोंड कसं दाखवू?” शेवटी मीही गेले. पुरणपोळी, वर तूप. गंगारामभाऊंच्या बायकोनं स्वतःच्या हातानं वाटी उपडी केली. ती माउली प्रेमानंच करत होती, तिला काय बोलणार!

घरी येईपर्यंत जीव गेला माझा. मग हळूहळू थांबलं. डॉक्टर ‘थांबेनाशी झाली तर’ म्हणाले होते. थांबली की! म्हणजे जायला नको.

असा वकिली मुद्दा काढता येतो मला. वकिलाकडे नोकरी लेक करते, अक्कल मी चालवते.

३ फेब्रुवारी

रुखवताचे लाडू वळले. एकही तोंडात टाकला नाही. फार शहाणी आहे मी, फक्त उशिरा होते.

१२ फेब्रुवारी

ईद झाली नि लगेच सफियाभाभींनी अस्मिताचं केळवण केलं. नवी भांडी काढली होती, सगळं शाकाहारी. बाकीच्यांना शीरखुर्मा, सांदणं, काय काय. माझ्या ताटात मऊ भात, मुगाचं पातळ वरण, उकडलेली दुधी. “ताईंचा आज उपास हाय,” त्यांनीच सगळ्यांना सांगून टाकलं. एवढ्या केळवणांत हे एकच असं, की जेवून मी खुर्चीवर सरळ बसले. कुणाच्या लेकीच्या केळवणात आईला दुधी वाढतात? पण मला तेवढीच माया लागली. रडू आलं.

निघताना कानाशी म्हणाल्या, “सोमवारी मी स्वतः येनार न्यायला. लग्न झालं की तुमचं काय ऐकनार नाय.”

१५ फेब्रुवारी, शनिवार

हॉलवर आहोत. सगळे जेवताहेत, कोपऱ्यात बसून चार ओळी लिहिते.

सकाळी आंघोळीच्या वेळी थंडी भरून आली. गार पाणी असेल म्हटलं. पण लघवी चहासारखी काळसर. मी डोळे मिटून घेतले. न बघितलं की नसतं, असं थोडंच आहे!

घाणा भरला, मुसळाला सगळ्या सवाष्णींनी हात लावले. वन्संनी मलाही हळद फासली, गालाला, हाताला, पायाला. “वरमाईपेक्षा वधूमाय पिवळी!” सगळ्या हसल्या. पिवळी होतेच मी. आरशात पाहिलं तेव्हा डोळेही. हळदीखाली कुणाला काय दिसणार?

अस्मिताच्या गालांना हळद लावत होते. ती एकदम माझ्या डोळ्यांत बघायला लागली.

“आई, तुझे डोळे...”

“हळद उडाली गं.”

“हळद?”

“हळदच.”

ती बघतच राहिली. काही तरी बोलणार असं वाटलं. मग मान खाली घातली.

‘त्याच दिवशी’ म्हणाले होते डॉक्टर. तो दिवस आज आहे, मला पक्कं कळतंय. भाभींची नजर चुकवत फिरतेय. उद्याचा एकच दिवस, मग माझं काय व्हायचं ते होवो.

१६ फेब्रुवारी

लग्न लागलं. अक्षता टाकताना हात वर होईना. कन्यादानाला ह्यांच्या हाताखाली माझा हात, ते म्हणाले, “तुझा हात किती तापलाय!” मी म्हटलं, होमाजवळ बसलेय.

२ मार्च, रविवार

हॉस्पिटलात आज पहिल्यांदा पेन धरतेय.

पाठवणी झाली, गाडी वळली, आणि मी हॉलच्या पायऱ्यांवर पडले. खडा नळीत अडकला होता, आत पू झाला होता, ताप डोक्यात गेला होता. काही दिवस मी कुणाला ओळखलं नाही म्हणे. दुर्बिणीचं ऑपरेशन करण्याजोगं काही राहिलंच नव्हतं. पोट फाडलं. बरगडीखाली हातभर टाके. चार दिवसांचं काम मी महिन्यावर नेलं.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “थोडक्यात वाचलात,” एवढंच.

हे औषधाच्या बाटल्या घेऊन उभे होते. सोनोग्राफीचं भाभींनी त्यांना मी पडले त्या दिवशी सांगितलं. “मला का नाही सांगितलंस?” असं विचारलं, आणि माझ्या देखत पहिल्यांदा रडले. माणसाला वडे सरकवले, दुखणं नाही सरकवलं. मी बासुंदी पीत होते तेव्हाच तोंड उघडलं असतं, तर आज ह्यांच्या डोळ्यांत पाणी नसतं. अस्मिता दोनदा येऊन राहून गेली म्हणे. मी शुद्धीत नव्हते. तिच्या नव्या संसारातले पहिले दिवस माझ्या उशाशी गेले.

७ मार्च

घरी आले. भाभींनी मऊ भात पाठवला. त्यांना हात जोडले तर म्हणाल्या, “माझंच चुकलं. शप्पत मोडायला पायजे होती.” आता त्यांनाही हे ओझं दिलंय मी.

फोनवर अस्मिता फारसं बोलत नाही. “बरी आहे” म्हणते. नवी नवरी आहे, लाजत असेल.

१४ मार्च

अस्मिता आली. चिंचवडहून एकटीच, बॅग घेऊन. पलंगाच्या कडेला बसली नि माझ्याकडे न बघता बोलत राहिली. साखरपुड्यापासून तिला प्रसादची भीती वाटायची. एकांतात ओरडायचा, मग माफी मागायचा. परवा हात उचलला.

“पुढे ढकलू म्हणत होते ना मी, ते ह्यासाठी. दोन-तीन महिने मिळाले असते तर सांगायचा धीर आला असता गं.” मग म्हणाली, “हळदीच्या दिवशी तुझे डोळे पाहिले तेव्हाच कळलं होतं मला. आधी काय वाटलं माहितीये? वाटलं, सुटले! आईच्या आजारपणात असं वाटतं म्हणून स्वतःचीच एवढी लाज वाटली, की तोंडच उघडलं नाही.”

माझ्या तोंडून एक ‘दुखतंय’ निघालं असतं, तर ती सुटली असती.

हे दारात उभे. म्हणाले, “नव्या संसारात होतं असं. आठ दिवस राहू दे, मग मी सोडून येतो.”

मी “नाही!” म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की टाके दुखले.