टायरला खिळे, ओड्वारला धीर

ऑस्लो, ८ ऑक्टोबर

ती. आस्लाउगताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून तुला वाटेल, कोणी गेलं की काय. कोणी गेलेलं नाही. मी येतो आहे. येत्या नाताळला, तुझ्याकडे, स्वतः गाडी चालवत, हेमसेदालचा घाट ओलांडून. फोनवर सांगितलं असतं तर तू हसली असतीस, म्हणून लिहून कळवतो.

आठ वर्षांपूर्वी त्या घाटात माझी गाडी घसरून बर्फाच्या ढिगात शिरली. त्याआधी दर नाताळला आम्ही नवराबायको येत होतो. तेव्हापासून मी फक्त उन्हाळ्यात उगवतो, हे तू चारचौघांत सांगत असतेसच. गाडी घसरली तेव्हा बोडिल शेजारी बसून पोट धरून हसत होती. ती जाऊन दोन नाताळ झाले. दोन्ही वेळा मी इथे डबाबंद जेवण गरम करून खाल्लं, आणि घाटापलीकडे तू एकटी. तुला अकरा मेंढ्या टाकून येता येत नाही, सणाच्या दिवसांत बस नसते, तेव्हा यायला हवं ते मीच.

म्हणून एसयूव्ही घेतो आहे. सध्या सात गाड्या कागदावर आहेत. चारही चाकांना जोर मिळतो का, जमिनीपासून उंची किती, थंडीत बॅटरी किती उतरते, बसायची जागा गरम होते की नाही, असा मोठा तक्ता करून सोबत जोडला आहे. शेवटचा रकाना आपल्या वयात सगळ्यांत महत्त्वाचा. तुझं मत कळव.

घाट बंद पडला तरी लोभ चालू ठेवावा, ही विनंती.
तुझा धाकटा,
ओड्वार

•

बोर्गुन्द, १९ ऑक्टोबर

चि. ओड्वारला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं आणि मी हसलेच. लिहून कळवल्याने तू काही वाचला नाहीस.

सात गाड्या? बोडिलला तर तू दुसऱ्याच भेटीत विचारून मोकळा झाला होतास. तेव्हा कुठे गेला होता तक्ता? शेजारच्या हाल्स्टेनला मी तो वाचून दाखवला. तो आपली गंजकी पिकअप धूत म्हणाला की बूड गरम झाल्याने घाट उतरता येत नाही, त्याला टायर बघायला सांग. गाडी हत्तीएवढी घेतलीस तरी रस्त्याला टेकणार ते चार टायरच, आणि तेही प्रत्येकी तळहाताएवढे. रबरात बारीक खिळे बसवलेले घे. आमच्या घाटात वारा बर्फ घासूनघासून रस्त्याची काच करतो, तिथे बिनखिळ्यांचं रबर काय धरणार?

तू खरंच आलास तर मला फार बरं वाटेल. पण आधी गाडी तर घे. मेंढ्या मजेत आहेत. त्यांना तुझ्या येण्याबद्दल अजून काही सांगितलेलं नाही.

तुझी,
आस्लाउग

•

ऑस्लो, ११ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

गाडी घेतली. गर्द निळी, आणि इतकी उंच की चढताना दाराच्या कडीला लोंबकळावं लागतं. इमारतीतल्या लोकांनी येऊन पाहिली. एकाने विचारलं की उत्तर ध्रुवावर निघालात का. मी म्हणालो, बहिणीकडे.

टायर मात्र बिनखिळ्यांचे बसवले. रागावू नकोस. दुकानातल्या मुलीने समजावलं की हल्लीचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि बर्फाला चिकटून चालतं. शिवाय खिळ्यांनी रस्ता खरवडून धूळ उडते, म्हणून शहरात ते लावायचे तर पालिकेचा पास काढावा लागतो. पासाचंही एक वेळ चाललं असतं, पण खिळ्यांचा कडकड आवाज करत वाहनतळात शिरलेल्या माणसाकडे इथले लोक बालवाडीत चिरूट ओढणाऱ्याकडे बघावं तसे बघतात. उन्हाळी टायर हॉटेलात ठेवले आहेत. इथे टायरांची हॉटेलं असतात. धुऊन, नावाची चिठ्ठी लावून, मांडणीवर ठेवतात.

लोभ असू द्यावा आणि हाल्स्टेनला यातलं काही वाचून दाखवू नये.
ओड्वार

•

बोर्गुन्द, २१ नोव्हेंबर

चि. ओड्वारला आशीर्वाद.

हाल्स्टेनला वाचून दाखवलं. वाचता वाचता हॉटेलापर्यंत आले तेव्हा त्याने कॉफीचा पेला खाली ठेवला. मी स्वतः हॉटेलात शेवटची राहिले ती ब्याऐंशी साली, लग्नानंतर दोन रात्री. तुझ्या टायरांना न्याहारी मिळते का?

इथे आठवडाभर बर्फ आहे. घाट दोनदा बंद झाला. परवा कोणी शहरी माणूस बिनखिळ्यांच्या टायरांवर वळणात जागच्या जागी गोल फिरून आल्या दिशेला तोंड करून उभा राहिला, आणि मग तसाच घरी गेला म्हणे. तू तसाच घरी जाऊ नयेस, एवढंच माझं म्हणणं. खिळे लाव, आणि वाहनतळातल्या लोकांना सांग की बहीण ऐकत नाही.

तुझी वाट पाहणारी,
आस्लाउग

•

ऑस्लो, १२ डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

खिळे लावले. पास काढला. शेजारीण जिन्यात बोलत नाही. गाडीत आता तीन फावडी, दोरखंड, दोन विजेऱ्या, घोंगडी आणि चार दिवसांचं चॉकलेट आहे.

पण हवामानखातं रोज वादळाचं सांगतं आहे. घाटात गाड्या फक्त रांगेने सोडणार म्हणतात. पुढे बर्फ काढणारी गाडी, मागे राखणीची गाडी, मधे आपण. थांबायचं नाही, परत फिरायचं नाही. म्हणून मनात आलं, ईस्टरला आलो तर? दिवसही मोठा असतो.

खरं सांगू? वादळ हे निमित्त आहे. मला भीती वाटते. समोर सगळं पांढरं झालं की हात गारठतात आणि शेजारची रिकामी जागा दिसते. चौसष्ट वर्षांच्या माणसाला हे लिहिताना लाज वाटते आहे, पण तू ताई आहेस.

लोभ आहेच, तो ईस्टरपर्यंत टिकावा.
ओड्वार

•

बोर्गुन्द, १६ डिसेंबर

चि. ओड्वारला आशीर्वाद.

ईस्टर नको. मेंढीच्या खारवलेल्या बरगड्या माळ्यावरून दोघांपुरत्या काढून ठेवल्या आहेत, आणि त्या मी एकटी खाणार नाही.

रांगेत तू एकटा नसतोस. पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे बघायचे, दुसरीकडे बघायचंच नाही. तेवीस तारखेला दुपारच्या रांगेने नीघ. येणार नसशील तर तसं कळवू नकोस, मी दोन ताटं मांडणारच आहे.

आस्लाउग

•

ऑस्लो, २ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. आता जे लिहितो ते शांतपणे वाच, आणि हाल्स्टेनला दाखव किंवा दाखवू नकोस. त्याला सगळं माहीतच असणार.

तेवीस तारखेला वर माथ्यावर मला स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नव्हतं. दिसत होते ते फक्त पुढच्या पिकअपचे दोन लाल दिवे. एकदा मी इतका मागे पडलो की तेही गेले. मग पुढचा थांबत थांबत चालला आणि दिवे परत दिसले. खाली उतरल्यावर पुढे चालवणं जमेना, म्हणून गाडी चार्जिंगला लावून अर्धा तास कॉफी पीत बसलो. तुझ्या दारात आलो तेव्हा तुझी गाडी वीतभर बर्फाखाली होती आणि तू एप्रन बांधून उशीर का झाला म्हणून विचारत होतीस.

त्यानंतर तीन दिवस मी तुझ्या टेबलाशी बसून शौर्य सांगितलं. घाट एकट्याने मारला म्हणालो. पुढच्या पिकअपमध्ये कोणी घाबरट म्हातारा होता, मिनिटामिनिटाला ब्रेक मारत होता, असंही म्हणालो. तू बटाटे वाढत होतीस.

परतीच्या वाटेवर हेमसेदालच्या बाजूला खाणावळीत घाटाच्या फाटकावर रांगा सोडणारा माणूस भेटला. निळी गाडी ओळखून त्याने विचारलं, बहीण बरी आहे ना? मी म्हणालो, कोणाची? मग त्याने सांगितलं. त्या दिवशी एक बाई सकाळच्या पहिल्या रांगेने पलीकडून पिकअप घेऊन आल्या आणि साडेचार तास फाटकापाशी बसून राहिल्या. परतीच्या दोन रांगा त्यांनी सोडल्या. प्रत्येक निळ्या गाडीत डोकावत होत्या. माझी दिसल्यावर त्याला म्हणाल्या, "हा माझा भाऊ. मला याच्या बरोब्बर पुढे घाला. याला पुढे कोणीतरी लागतं."

ताई, एवढी उंच गाडी, सहा आठवड्यांचा तक्ता, खिळे, पास, तीन फावडी. आणि मला घाटापार नेलं ते हाल्स्टेनच्या गंजक्या पिकअपने. खाणावळीत मी सगळ्यांदेखत रडलो. तू मला सांगितलं का नाहीस?

तुझा,
ओड्वार

•

बोर्गुन्द, ९ जानेवारी

चि. ओड्वारला अनेक आशीर्वाद.

फाटकावरचा माणूस फार बोलतो. मी पलीकडे चीज आणायला गेले होते, असं लिहिणार होते, पण आता उपयोग नाही.

घाबरट म्हातारा म्हणालास ते मी विसरणार नाही. आरशात तुझे दिवे दिसेनासे झाले की मी ब्रेक मारत होते. मीही भ्यालेच होते. मी कॉफी न पिता घरी पळाले आणि एप्रन बांधला, एवढाच फरक. सांगितलं नाही, कारण तू जेवताना इतका खुशीत होतास की मला बटाटे वाढण्यातच सुख वाटलं.

आणि मी हे तुझ्यासाठी केलं असं समजून फार रडू नकोस. आठ वर्षं मी नाताळच्या खिरीत रिवाजाप्रमाणे एक अख्खा बदाम टाकते. ज्याच्या वाटीत येईल तो जिंकला. आठही वर्षं तो माझ्याच वाटीत आला, कारण टेबलावर दुसरी वाटीच नव्हती. यंदा तो तुझ्या दाताखाली आला आणि तू लहानपणीसारखा ओरडलास. हरल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

तुझी ताई,
आस्लाउग