चांदीसारखा हंडा

परंडा, ४ डिसेंबर १९४३

चि. द्वारकास अण्णाचे अनेक आशीर्वाद.

प्रयोगशाळेतल्या नळ्या तुला जेवू देतात ना? आई म्हणते, पोरगी हैदराबादेत जाऊन आणखीच अबोल झाली, पत्रसुद्धा औषधासारखं मोजून लिहिते.

सूनबाईला, तुझ्या शिवलिंगदादाच्या कस्तुराला, पाचवा महिना लागला. तांब्याच्या हंड्यातल्या पाण्यानं तिला उलटी व्हायची, म्हणून सादिक कल्हईवाल्याकडून आतून कल्हई करून घेतली. आई त्यात लिंबू पिळून ठेवते, म्हणजे पाणी पोटात टिकतं. पण आता पोटात लई कळा येतात, तोंड पांढरंफटक पडलंय. वैद्य वात म्हणतात. तुला काय वाटतं?

लोभ आहेच, तो पत्रातही दिसू दे.

तुझा अण्णा

हैदराबाद, ११ डिसेंबर

ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

लढाईमुळे बाजारात कथील नाही. मग सादिकचाचांनी कल्हई कशाची केली? वहिनींच्या हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ आहे का, ते पाहावं. हंड्यातलं पाणी बाटलीत भरून पाठवावं. कल्हईत दोष असावा. तपासणी झाल्याशिवाय याहून जास्त लिहिणं बरोबर नाही.

आईस नमस्कार. लोभ असावा, ही विनंती.

द्वारका

परंडा, १९ डिसेंबर

चि. द्वारकास आशीर्वाद.

पत्र मिळताच बाटली भरली, आज हैदराबादेला निघालेल्या दगडोबाबरोबर पाठवतोय. रेघ आहे. आई म्हणते, मिश्रीची असेल. सादिक म्हणाला, कथील चिमूटभरच होतं, बाकी शिसं. सगळीकडं तसंच चाललंय. तू दोष काढलास म्हणून मी त्याला झापलं, हात राखून काम करतोस का म्हणून, आणि समोर बसून दुप्पट जाड कल्हई चढवून घेतली. हंडा चांदीसारखा चमकतोय. कस्तुराला पाणी गोड लागतं. हसून म्हणाली, नणंदबाईंना कळवा, हंडा परीक्षेत पास झाला.

मायेत अंतर नको.

अण्णा

हैदराबाद, २७ डिसेंबर

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

तार मिळाली असेल. पाण्यात शिसं आहे. ते विष आहे. लिंबाच्या आंबटपणानं ते कल्हईतून पाण्यात उतरतं. गोड चव आणि हिरड्यांवरची रेघ त्याचीच. हंडा बंद करा, मातीची घागर घ्या. सादिकचाचांच्या घरीही सांगा.

बाटली दुसऱ्या कल्हईच्या आधीची होती. नंतरच्या पाण्याचा अंदाज मी लिहीत नाही.

द्वारका

परंडा, ८ जानेवारी १९४४

चि. द्वारकास आशीर्वाद.

तार मिळाली त्याच दिवशी हंडा बाहेर टाकला. पुढच्याच आठवड्यात कस्तुरा अवेळी बाळंत झाली. मुलगी होती. रडली नाही.

कस्तुराचे हात मनगटापासून खाली लोंबतात, वेणीसुद्धा आई घालते. ती आईला विचारते, पुढचं नीट होईल ना? जाड कल्हई मीच चढवायला लावली, हे शिवलिंगला अजून बोललो नाही. बायकोपाशी बसून असतो, त्याला कुठल्या तोंडानं सांगू?

तुझ्या शास्त्रात उतारा असेल तर लगेच कळव. नसला तरी पत्र लिही.

अण्णा

हैदराबाद, १६ जानेवारी

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

उतारा नाही. इथल्या डॉक्टरांनाही विचारलं. हात कदाचित हळूहळू सुधारतील. पण शिसं हाडांत बसतं, वर्षानुवर्षं राहतं. पुन्हा दिवस गेले, की हाडांतून रक्तात येतं आणि रक्तातून बाळाकडे जातं. म्हणून दादाला सांगावंच लागेल.

माझी रजा मंजूर झाली आहे. पण ‘दोष असावा’ एवढंच मी लिहिलं होतं; वहिनींसमोर यायला धीर होत नाही, म्हणून अजून निघालेले नाही.

पुढचं नीट होईल ना, असं वहिनी पुन्हा विचारतील. आईला सांगा, हो म्हणू नकोस.

आपल्या मायेची,
द्वारका