गळक्या झाकणाचा वारसा

मी, शेन गुइफांग, वय बहात्तर, धंदा साचे बनवण्याचा, राहणार योंगकांग, झेजियांग प्रांत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण ते मी कोणाला देत नाही.

१. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि कारखाना माझी मुलगी यिचिंग हिला.

२. माझ्या कानशी आणि मोजपट्ट्याही तिलाच. शेजारच्या कारखान्यातल्या माओ देशुनने मागितल्या तरी देऊ नयेत. त्याने आजवर मागून काही नेलेलं नाही, म्हणा.

३. माझ्या नावावरची अकरा पेटंट यिचिंगला. त्यातली नऊ माओने चोरली. थर्मासच्या झाकणात मी मुद्दाम एक बिनकामाची खाच ठेवली होती, तीसुद्धा त्याने जशीच्या तशी उतरवली.

कोर्टात न्यायाधीशांनी त्याला विचारलं, "ही खाच कशासाठी?"

"वाफ जायला, साहेब," माओ म्हणाला.

मी म्हटलं, "नाही साहेब, याला पकडायला."

कोर्टाच्या हुकमाने त्याचे साचे फोडले त्या दिवशी मी दोन वाडगे नूडल्स खाल्ल्या.

४. पक्षाघाताने एक हात गेलेल्या माणसाला उघडता येईल असं झाकण मी चार वर्षं बनवते आहे. उघडतं झकास, पण गळतं. उकळता चहा मांडीवर सांडणार असेल, तर पेटंट काय चाटायचंय? ते दुरुस्त करून अर्ज दाखल होईपर्यंत कोणाला दाखवू नये. आधी बाहेर फुटलं तर हक्क गेला. फक्त माओला दाखवावं.

हे ऐकून यिचिंग उखडली. "आई, त्या चोराच्या दारात मी जायचं?"

"जायचं. आधी गुप्ततेच्या करारावर त्याची सही घ्यायची."

"पण तोच का?"

त्याचं उत्तर इथे लिहिते. त्याची नक्कल माझ्या मूळ झाकणापेक्षा कमी गळायची. काठाला तो किंचित गोलाई द्यायचा. कोर्टात ते मला दिसत होतं आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला लाज वाटते.

५. माओने गळती थांबवली, तर अर्जात संशोधक म्हणून दोघांची नावं घालावीत. माझं आधी. तो कुरकुर करील, करू दे. पण त्याचं नाव गाळू नये. त्याने तीस वर्षं माझं घेतलं, तरी मी त्याचं घेणार नाही.

सही व अंगठा: शेन गुइफांग
साक्षीदार: तांग लीहुआ (शेजारीण) आणि फू च्यानमिन (निवृत्त शिक्षक)
(दोघांच्या सह्या कलम ४ वर्तमानपत्राने झाकून घेतल्या आहेत.)
योंगकांग, ९ एप्रिल २०१९