पिल्लाशी बोलायचं नाही

ती. आईस,

उभ्याउभ्याच नमस्कार करते, वाकलं की पाठ बोंब मारते. बाकी तब्येत ठणठणीत. जेवणही वेळेवर, म्हणजे जवळजवळ.

किनाऱ्यावर वाहून आलेलं देवमाशाचं पिल्लू आमच्या दवाखान्यात आहे, हे फोनवर सांगितलंच होतं. बुडू नये म्हणून आम्ही आळीपाळीने टाकीत उतरून त्याला धरून ठेवायचो. आता ते आपलं आपण पोहतं. नियम एकच, त्याच्याजवळ बोलायचं नाही. माणसाच्या आवाजाची सवय लागली तर समुद्रात सोडल्यावर होड्यांच्या मागे लागेल आणि जिवाला मुकेल.

आणि तुझी लेक काय करते? त्याला धरल्याधरल्या स्वतःला डुलकी लागू नये म्हणून गुणगुणते! कपडे वाळत घालताना तू गुणगुणतेस ना, तेच. आता माझा नुसता आवाज आला तरी ते काठाशी येऊन डोकं वर काढतं.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. "आता टाकीकडे फिरकू नकोस," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मी भिंतीआड दुधाच्या बादल्या घासते. ते काठाशी येऊन थांबतं म्हणे. मी तोंडातून ब्र काढत नाही.

बाबांचा गुडघा कसा आहे? खरं सांग.

मी घरून निघाले तेव्हा तू दारापर्यंतसुद्धा आली नाहीस, आत भांडी घासत राहिलीस. फार लागलं होतं मला. आज घासलेलीच बादली मी पुन्हा घासायला घेतली आणि हात थांबला.

आई, तीही भांडी घासलेलीच होती ना?

तुझीच,
धाकटी