देवमाणसाच्या घराची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, दिवंगत सुतारांची पत्नी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्याही भिडेला न पडता लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मुलाला तो लागेल. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझ्यानंतर या घराचं वडिलांच्या नावाने प्रार्थनागृह करावं, अशी मुलाची इच्छा आहे. दारावरची पाटीसुद्धा त्याने करून ठेवली आहे: ‘कुटुंबवत्सल आणि श्रद्धाळू’. त्यातला एकही शब्द खोटा नाही. माझ्या नवऱ्याने कधी दारूला हात लावला नाही, कधी माझ्यावर हात उगारला नाही, आणि आम्हाला शेजारी बसवल्याशिवाय एकाही संध्याकाळी प्रार्थना केली नाही. लोक त्यांना देवमाणूस म्हणत. लोकांना नंतर आपापल्या घरी जाता येत असे. पाटी मुलाने स्वतःच्या घरी न्यावी.

२. प्रार्थनेची चार स्टुलं त्यांनीच बनवली होती, सगळी एका उंचीची. घरात कुणी खोटं बोललं किंवा उलट उत्तर दिलं, की ते त्या माणसाचं स्टूल शेडमध्ये नेत, चारही पाय बोटभर कापत आणि संध्याकाळी जागेवर आणून ठेवत. “तुझ्या भल्यासाठीच करतोय गं,” असं मुलीला म्हणत, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी असे. ती बारा वर्षांची होईतो तिचं स्टूल जवळजवळ जमिनीला टेकलं होतं. माझं गुडघ्याच्या खाली आलं होतं. मुलाचं मात्र होतं तेवढंच राहिलं, कारण आमच्या चुका सांगायला तोच जायचा. ते स्टूल मी त्याला देते. हे मृत्युपत्र त्याने त्याच्यावरच बसून ऐकावं.

३. शेडमधले रंधे, पटाश्या आणि गिरमिटं नवऱ्याच्या हाताखाली काम केलेल्या जुन्या कारागिराला द्यावीत. नवऱ्याच्या अंत्यविधीला सगळे हमसून रडत होते, तो एकटा जांभई देत होता. त्याचा मला फार आधार वाटला.

४. शिवणयंत्र सुनेला. ती मला कधी वाकडा शब्द बोलली नाही. माझ्या मुलासमोर तिला कुठलाच शब्द बोलता येत नाही. यंत्र चालू स्थितीत आहे. ते उचलून नेता येतं आणि त्याच्यावर एका बाईचं पोट भरतं, हे तिने ध्यानात ठेवावं.

५. घर, अंगण आणि शेड मी माझ्या मुलीला देते. तिने ते विकावं, पाडावं, वाटेल ते करावं. तिचा पत्ता डॉक्टरांकडे आहे. तिने घर घेतलं तर मला माफ केलं, असा अर्थ कुणी काढू नये.

कारण लिहिणं भाग आहे. सव्वीस वर्षांपूर्वी प्रार्थनामंडळाची माणसं घरी आली होती. नवरा आपल्या स्टुलावर बसले आणि सगळ्यांच्या देखत आडवे झाले. स्टुलाचा एक पाय कुणीतरी दोन बोटं कापला होता.

“कुणी केलं हे?”

“ताईने,” मुलगा म्हणाला. त्याने काहीही पाहिलं नव्हतं, सवयीने बोलला.

“कबूल कर, माफी माग,” नवरा मुलीला म्हणाले. “नाहीतर आत्ताच्या आत्ता निघ.”

पाय मी कापला होता. इतक्या वर्षांत मला एकदाच हसायचं होतं. मी तोंड उघडलं असतं तर माझं स्टूल आणखी चार बोटं खाली गेलं असतं, बाकी काही नाही. तेवढ्यासाठी मी गप्प बसले. मुलगी सतरा वर्षांची होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती पिशवी भरून आली, जाता जाता माझ्यापाशी थांबली आणि माझ्या बाहीवरचा लाकडाचा भुसा हळूच झटकू लागली.

“आई, राहिलेला तू झटक,” ती कानात म्हणाली. “त्यांना दिसेल.”

ती गेल्यावर दाराला कडी मी लावली.

वरील मजकूर मी दोनदा वाचला आहे. त्यात काही खोडायचं नाही.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. शेजारची शिंपीण (सही)

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: नऊ मार्च, मुलगा प्रार्थनेला गेला असताना