ओळख पटली नाही म्हणून

प्रिय ठमे,

व्हिडिओ कॉल उचलत नाही म्हणून रुसली आहेस ना? रुसू नकोस. घरातलं इंटरनेट चालू आहे, फक्त मला बंद आहे, आणि माझ्या फोनला घरच्या वायफायशिवाय दुसरं इंटरनेट नाही. साध्या फोनवर हे बोलता येत नाही. तुझे बाबा खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि तुझ्याशी इतकं छान बोलतात की मीच खोटी पडते. मागे एकदा दबक्या आवाजात सांगितलं, तर तू म्हणालीस, आई, तुझं आपलं काहीतरीच. म्हणून आज कागद घेतला.

ऑफिसात कुणाच्या कॉम्प्युटरला इंटरनेट द्यायचं आणि कुणाच्या नाही, हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. साहेबाचा नवा लॅपटॉपसुद्धा नोंद झाल्याशिवाय आत घेतला नाही, म्हणून केवढे मिरवायचे! घरीही तोच कारभार. सकाळी चहा झाला की कोण कोण जोडलंय ते तपासायचं, अनोळखी दिसेल त्याला बाहेर काढायचं. आपण दोघी किती हसायचो.

आधी टीव्हीला इंटरनेटवरून काढलं. कुणीतरी घुसलंय म्हणाले. मग स्वतःचाच टॅब्लेट काढून टाकला आणि दिवसभर चोराच्या नावाने बोटं मोडत बसले. मी त्यांच्यासमोर हसले गं, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर धावून येतात. पासवर्ड मागितला तर माझ्याकडे संशयाने बघतात. ठमे, मला काही सुचत नाही.

गेल्या आठवड्यात माझा फोन वायफायवरून काढला. अहो, तो माझा आहे, म्हटलं. तर मान वर करून अगदी सभ्यपणे विचारलं, आपण कोणत्या विभागातल्या? काय सांगणार, कपाळ? स्वयंपाकघरातली, मी म्हणाले. तर म्हणे, रीतसर अर्ज द्या, बघतो.

आता त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरखेरीज एकच यंत्र आत आहे, तुझ्या खोलीतला तुझा जुना कॉम्प्युटर. त्यावर कुणी बसत नाही, तरी रोज जाऊन तो चालू करतात. कशाला, विचारलं, तर म्हणाले, राहू दे, ती आमची मुलगी आहे. मला विसरले ते मी गिळीन. पण तू सुट्टीची वाट बघू नकोस. त्यांनी तो बंद करायच्या आत ये.

तुझीच,
आई