मी गाळलेल्या दोन ओळी

३ मे

– आणि मका रात्रीच चुन्याच्या पाण्यात भिजत घातला होता. तो धुतला, गिरणीवर नेला, दळून आणला. अंगण झाडलं. कोंबड्यांना दाणे टाकले, चूल पेटवली. कासिमीरो दारात बसून बाटलीवर मासेमारीची दोरी गुंडाळत होता. एवढ्यात बर्फाच्या गाडीवाल्याने पत्र आणून दिलं. एलिसेओचं! दोन वर्षांनी आमच्या पोराचं पत्र. मी ओल्या हातांनीच फोडलं.

"वाच ना, म्हातारे. काय म्हणतो?"

मी वाचून दाखवलं. बरा आहे. लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या दुरुस्त करायचं काम मिळालंय. खोकला गेला. सगळ्यांना नमस्कार.

दोन ओळी मी वाचल्या नाहीत. त्या अशा होत्या: "बाबा, बारा मेला इथे लाटांवरची शर्यत आहे, एकदा येऊन मला बघा. नाही आलात तर समजेन की तुमचा राग गेलेला नाही, मग पुन्हा बोलावणार नाही."

मग मी पोळ्या थापायला बसले.

ही गेल्या वर्षीची सकाळ. नऊ जूनला कासिमीरो किनाऱ्यावरच पडला आणि गेला. एलिसेओ पोचला तेव्हा माती देऊन चार दिवस झाले होते. थडग्यापाशी उभा राहून एवढंच म्हणाला, "तुम्ही आला नाहीत." मी शेजारीच होते.

आज तो त्याची जुनी गाडी घेऊन आलाय. म्हणतो, "बाबांच्या वर्षाच्या प्रार्थनेआधी थोडे दिवस माझ्याकडे चल. मी कुठे राहतो ते बघ तरी." मागे त्याची फळी बांधली आहे. मी त्याच्या बापाची दोरीची बाटली घेतली. का, ते ठाऊक नाही.

तिथे पोचायच्या आत त्याला सांगायचं. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे मला पळता येणार नाही.

४ मे

दोनशे नंबरचा रस्ता. डोंगर, मग समुद्र, मग पुन्हा डोंगर. मी प्रत्येक पाटी वाचते. टायर दुरुस्ती, थंड नारळ, वेग कमी करा, ख्रिस्त परत येणार आहे. एलिसेओ हसतो.

"आई, एखादी पाटी सोड की गं!"

"चौतिसाव्या वर्षी वाचायला शिकले. सोडू कशाला?"

औषधांच्या खोक्यांवरून आणि पिठाच्या पोत्यांवरून शिकले मी. नंतर पाद्रीबाबांच्या कपाटातली पुस्तकं. कासिमीरोला अक्षर येत नव्हतं. घरात आलेला प्रत्येक कागद माझ्या तोंडून त्याच्या कानात जायचा. वाचून दाखवताना मी त्याला एकदाही फसवलं नव्हतं. म्हणून तर सोपं गेलं!

संध्याकाळी एका मोकळ्या किनाऱ्यावर थांबलो. तो फळी घेऊन पाण्यात गेला. मी गळाला खेकडा लावला, दोरीच्या टोकाचं शिसं डोक्यावरून फिरवलं आणि फेकलं – पायांपाशीच पडलं. जन्मभर मासे साफ केले, पकडला एकही नाही. कासिमीरो रोज म्हणायचा, "चल की, नुसती बस शेजारी." मी म्हणायचे, पोळ्या कोण करेल?

काही लागलं नाही. परत आले तर एलिसेओने तोंड फिरवून गाडीचं चाक तपासायला घेतलं. आमच्या गावची रीत. किनाऱ्यावरून रिकाम्या हाताने येणाऱ्याकडे बघायचं नाही, त्याला काही विचारायचं नाही. त्याला मानाने जाऊ द्यायचं. एवढी वर्षं बाहेर राहून पोरगा ते विसरला नाही.

५ मे

आज सांगणार होते. रस्त्यात गायी आल्या.

६ मे

पहाटे त्याने मला वाळूच्या उंचवट्यावर उभं केलं. "आई, ते बघ. दोन्हीकडे लाट फुटतेय आणि मधे पाणी गडद, गुळगुळीत. ती वाट आहे. पाणी तिथून परत जातं. मासे तिथूनच फिरतात आणि आम्हीही तिथूनच आत जातो. न दमता."

"कोणी शिकवलं तुला?"

"बाबांनी. दुसरं कोण?"

याच वाटेवरून दोघांचं फाटलं होतं. पोरगा बावीस वर्षांचा. बापाच्या दोरीसमोरून उसनी फळी घेऊन आत गेला आणि रोबालो माशांचा कळप उधळला. "लाटेतून जिवंत बाहेर यायचं असतं, तिच्यावर खेळायचं नसतं!" कासिमीरो ओरडला, आणि फळी कापून तिचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं. त्याच रात्री पोरगा घर सोडून गेला.

"ते आले असते ना," एलिसेओ म्हणाला, "तर मी एवढंच दाखवणार होतो. तुम्ही शिकवलेलं फुकट गेलं नाही म्हणून. शर्यत गेली खड्ड्यात."

मी म्हटलं, "एलिसेओ –"

"हां?"

"दोरी ओढतंय काहीतरी!"

खरंच ओढत होतं. हातभर लांबीचा पार्गो मासा, लालभडक. एलिसेओ नाचला! "बाबांनी बघायला हवं होतं!" माझ्या बोटाला दोरीने काप पडला. बरं झालं. रडायला कारण मिळालं.

त्या दोन ओळी का गाळल्या, त्याची कारणं मी वर्षभर मोजते आहे. त्याची छाती दुखायची. प्रवास लांबचा, तीन गाड्या बदलायच्या. रोबालोचे दिवस होते. पुन्हा भांडतील अशी भीती होती. चारही खरी आहेत.

७ मे

एकही खरं नाही. पत्रात "बाबा, या" होतं. माझ्याबद्दल एक शब्द नव्हता. ज्या पोराला मी लपूनछपून पैसे पाठवले, ज्याच्यासाठी नवऱ्याशी दोन वर्षं धड बोलले नाही, त्याने बोलावलं कोणाला – तर फळी कापणाऱ्याला! माझ्या पोटात दुखलं. बस. एवढंच कारण.

आता लिहिलं.

८ मे

पोचलो. पळ काढायला आता रस्ताही उरला नाही.

एलिसेओची खोली पत्र्याची, नीटनेटकी. तो कामावर गेला, मी किनाऱ्यावरच्या खानावळीत माशांचं सूप घेऊन बसले. मालकीण डोन्या तेल्मा. जाडजूड बाई, हातात झारा, तोंडाचा पट्टा चालू. मी दोरी सुकवायला सोडली तशी ती येऊन उभी राहिली.

"बाटलीवरून? बाई गं! इथे सगळ्यांच्या हातात गळाचे दांडे. बाटलीवाला एकच आला होता इथे. गेल्या वर्षी, शर्यतीच्या दिवशी. म्हातारा. कंबरेएवढ्या पाण्यात, अगदी वाटेच्या तोंडाशी. पोरं ओरडत होती, 'आजोबा, दोरी काढा!' सगळ्यांना शिव्या घातल्या त्याने. फक्त पिवळा सदरा घातलेला पोरगा आत जायला लागला की मुकाट दोरी गुंडाळायचा, वाट मोकळी करायचा. प्रत्येक वेळी!"

मी विचारलं, टोपी कसली होती. कान कसा होता. डाव्या कानाचं टोक गळाने फाटलेलं. तोच.

"माझ्याकडे जेवला," ती म्हणाली. "खिशात पत्र. म्हणे, बायकोने वाचून दाखवलं, पण वाचता वाचता एका जागी थांबली. ती कधी थांबत नाही. म्हणून बर्फाच्या गाडीवाल्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मी म्हटलं, मग बायकोला झोडपलंत की नाही? तर म्हणाला, घाबरली असेल बिचारी, मी पोराशी भांडेन म्हणून."

"मग भेटला का नाही पोराला?"

"पोरगा दुसऱ्याच फेरीत हरला. खाली मान घालून बाहेर आला, अगदी याच्या अंगावरून गेला. आणि म्हाताऱ्याने काय करावं? तोंड फिरवलं! मी म्हटलं, अहो, लेक ना तुमचा? म्हणाला, रिकाम्या हाताने येणाऱ्याकडे बघू नये. पुढच्या वर्षी येईन, तो जिंकला की बोलेन. तोवर कोणाला सांगू नका. मी शब्द दिला, बाई. अजून वाट बघते त्याची."

मी तिला सांगितलं की तो आता येणार नाही. तिने झारा खाली ठेवला.

आता सगळं जुळतं. तेव्हा कासिमीरो मला म्हणाला होता, आठ-दहा दिवस खाडीवर जातो, रोबालो धरायला. परत आला तो उन्हाने भाजून, एकही मासा नाही. आणि मी काय केलं? तोंड फिरवलं. काही विचारलं नाही. रीत!

त्या संध्याकाळी त्याने पत्र माझ्या हातात दिलं. "पुन्हा वाच ना, म्हातारे." मी वाचलं. बरा आहे, काम मिळालंय, खोकला गेला. या वेळी कुठे थांबले नाही. तो शेवटपर्यंत ऐकत होता, माझ्याकडे बघत. मग म्हणाला, "छान लिहितो पोरगा."

सांगायची संधी देत होता तो मला. मी कागदाची घडी घातली.

९ मे

सुटायचा मार्ग सापडलाय. एलिसेओला एवढंच सांगायचं: तुझा बाप आला होता. पोरगा आनंदाने वेडा होईल. माझं नावही निघणार नाही. तेल्माला गप्प बस म्हटलं की झालं.

दिवसभर हाच विचार केला. तोंडात गोड लागतो.

१० मे

आज आयांचा दिवस. एलिसेओने दुधाचा केक आणला, वर माझं नाव. मी सुरी हातात घेतली आणि सांगितलं. आधी माझं – पत्र, दोन ओळी, पोटदुखी, सगळं. मग बापाचं.

आधी बापाचं सांगितलं असतं, तर माझं त्यात बुडून गेलं असतं.

सांगता सांगता पिवळ्या सदऱ्यापाशी आले तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझ्या बाजूलाच होते?" एवढंच विचारलं. किती तरी वेळा. मग उठून गेला. केक तसाच राहिला, मुंग्या लागल्या.

११ मे

सकाळी आला. डोळे सुजलेले. दारातच उभा राहिला.

"तुला वेगळं काय बोलवायचं, आई? बाबांना गाड्यांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. ते येणार म्हणजे तू येणारच होतीस. शर्यत सुरू व्हायच्या आधी मी दोन खुर्च्या मांडल्या होत्या."

मग फळी घेऊन पाण्याकडे गेला. मी मागोमाग गेले, वाळूत बसले आणि तो बाहेर येईपर्यंत, तोंड न फिरवता, त्याच्याकडे बघत राहिले.